पिकअपच्या सीटमध्ये हीटर बसवताना

पुण्या-मुंबईचे पाहुणे मे महिन्यातलं ग्वाल्हेर ऐकून असतात. जानेवारीतलं त्यांना सांगूनही खरं वाटत नाही. पहाटे चारला पारा तीन-चार अंशांवर, समोर कोहरा असा की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीची रेक्झिनची सीट. तिच्यावर बसताना आमचे दादा अजूनही आधी ‘रामा रे’ म्हणतात, मग टेकतात.

आमचं ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मंडप-डेकोरेशनचं काम आहे. लग्नसराईत सामान उचलून परतायला रोजच रात्रीचे तीन वाजतात. पिकअपच्या केबिनला ब्लोअरचा हीटर आहे, पण तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो आणि डिझेल इंजिन थंडीत तापायला वेळ घेतं. मुरैन्याहून निघालं तर बानमोर मागे पडेपर्यंत पायाला गार वाराच लागतो. सीटमधल्या हीटरचं तसं नाही. तो अंगाला चिकटून असतो, केबिनची हवा तापण्याची वाट बघत नाही आणि दोन-तीन मिनिटांत कंबरेला ऊब जाणवते. रात्रभर खांब आणि पाइप उचललेल्या कंबरेला ती फार लागते.

हे काम मी दोनदा केलं. पहिल्यांदा दुसऱ्याकडून करून घेतलं आणि ते फसलं. त्याने गाद्या नीट बसवल्या, पण वीज लायटरच्या सॉकेटमागून वायर पिळून घेतली. फ्यूज दोनदा उडाला तेव्हा जागेवर तांब्याची तार गुंडाळून दिली. आठवड्याभरात डॅशबोर्डमागून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. नशीब, गाडी अंगणात उभी होती. दुसऱ्यांदा मात्र सगळं स्वतः केलं, सीटचं कव्हर सोडून. पुढे जे लिहिलंय ते त्या दुसऱ्या वेळेचं आहे. दोन सीटना धिम्या हाताने पूर्ण दिवस लागतो. मी धनुर्मास गाठला होता. सोळा डिसेंबरनंतर संक्रांतीपर्यंत मुहूर्त नसतात आणि गाडी रिकामी असते.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. सीट उघडायची हिंमत नसेल तर वरून पसरायची, लायटरमध्ये प्लग लावायची तयार गरम गादी मिळते. ती सरकते, तिची वायर गिअरच्या वाटेत येते आणि दिसायलाही बरी नाही. पण एक हिवाळा वापरून बघायला हरकत नाही. आपल्याला ऊब खरोखर हवी आहे की नुसती हौस आहे, ते त्यात कळतं.

किट घेताना

एका सीटच्या किटमध्ये दोन पातळ गाद्या असतात, एक बसायची आणि एक पाठीची. सोबत स्विच, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), फ्यूज होल्डर आणि जोडलेली वायरिंग येते. गादीच्या आत एकतर तारेचं एलिमेंट असतं किंवा कार्बन फायबरचं. मी कार्बनचं घेतलं. त्यात उष्णता पट्टीभर पसरते. तारेच्या गादीत एके ठिकाणी तार तुटली की बहुधा गादीच गेली. (कार्बन ही काही नवी टूम नाही. कॅडिलॅकने १९६६ च्या गाड्यांत गरम सीट दिली तेव्हा कार्बनचं कापडच वापरलं होतं.)

दुकानात तीन गोष्टी बघा. गादीत थर्मोस्टॅट आहे का? कापडाखाली बोटाला एक छोटी गाठ लागते, ती हीच. ठरलेल्या तापमानाला तो वीज तोडतो. थर्मोस्टॅट नसलेली गादी फुकट मिळाली तरी घेऊ नका. दुसरं, वायरिंगमध्ये रिले आहे की सगळा करंट स्विचमधूनच जातो? रिले असलेलंच घ्या. तिसरं, गादीची लांबी-रुंदी. बाजारातल्या गाद्या मोटारींच्या सीटच्या मापाने बनतात. पिकअपची बसायची जागा पुष्कळदा आखूड असते, म्हणून घरूनच टेपने मोजून जा. आमच्या गाडीत ड्रायव्हरची सीट सुटी आहे आणि शेजारी दीड माणसाची सीट आहे. त्या दीडपैकी एकाच माणसाखाली गादी घातली. अर्धा माणूस सहसा आमचा पुतण्या असतो, त्याला थंडी वाजत नाही.

गादी कापून लहान करता येते का, हे सगळे विचारतात. तारेची कधीही नाही. कार्बनची कापता येते ती बनवणाऱ्याने कागदावर दाखवलेल्या रेषेवरच. दोन्ही कडांनी तांब्याच्या पट्ट्या लांबीभर धावतात, वीज त्यांच्यातूनच पसरते. त्यातली एक कापली गेली की संपलं.

आणि व्होल्टेज. पिकअप १२ व्होल्टच्या असतात, मोठे ट्रक २४ चे. ट्रान्सपोर्टनगरातले ओळखीचे ट्रकवाले हेच किट मागतात, त्यांना मी नको म्हणतो. व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता चौपट होते. बारा व्होल्टची गादी २४ वर लावली की चाळीस वॅटच्या जागी दीडशेच्या वर वॅट बुडाखाली पेटतील.

थोडा हिशेब

हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझी पहिली वायरिंग याच्याशिवाय केली होती म्हणून जळाली.

माझ्या प्रत्येक गादीवर १२ व्होल्टला ३० वॅट लिहिलंय. वॅट भागिले व्होल्ट केलं की गादीला अडीच अँपिअर, चार गाद्यांना १०. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर १२ देत नाही, १३.८ किंवा थोडं जास्तच देतो. गादीचा रोध साधारण तोच राहतो. १२ चा वर्ग भागिले ३०, म्हणजे ४.८ ओहम. १३.८ व्होल्टला त्यातून जवळपास २.९ अँपिअर जातात आणि गादी ४० वॅटची होते. एका सीटला पावणेसहा अँपिअर, दोन सीटना साडेअकरा.

फ्यूज त्यावरून ठरतो. सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊणपट-ऐंशी टक्क्यांपर्यंत असावा. म्हणून दोन्ही सीटची मिळून मुख्य वायर १५ अँपिअरच्या फ्यूजवर आणि पुढे प्रत्येक सीट साडेसातच्या. तुमच्या गादीवर वेगळे वॅट असतील तर आकडे बदलतील, हिशेब हाच राहील. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो उडतो म्हणून मोठा घातला की पुढची पाळी वायरची.

वायरची जाडीही इथेच ठरवा. बॅटरीपासून सीटपर्यंत तीन मीटर धरले तर जाऊन-येऊन सहा मीटर. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये साडेअकरा अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो. एक स्क्वेअरच्या वायरमध्ये सव्वा व्होल्ट पडेल, गादीची उष्णता सुमारे सहाव्या हिश्श्याने घटेल आणि त्या घटीतली जवळपास निम्मी उष्णता वायरमध्ये, गालिच्याखाली, कुणाला न दिसता तयार होत राहील. मी अडीचचीच घेतली, गाडीत वापरतात ती बारीक तारांची लवचीक. घरातली एका जाड तारेची वायर गाडीच्या धक्क्यांनी आतून तुटते.

सीट उघडण्याआधी गादी तपासा

हे विसरलात तर कव्हर दोनदा उघडावं लागेल. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि दोन्ही टोकं गादीच्या दोन वायरना लावा. माझ्या गाद्यांना पाचच्या आसपास आकडा आला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा थोडा रोध त्यात असतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो बघून ठेवा आणि वजा करा. आकडा अनंत आला तर गादी आत तुटलेली आहे. शून्याला टेकला तर आत शॉर्ट आहे. दोन्ही परत.

मग गादी सतरंजीवर सपाट पसरून फ्यूजसकट बॅटरीला जोडा. पाच मिनिटांनी तळहात सगळीकडून फिरवा. ऊब सारखी हवी. एखादा ठिपका बाजूपेक्षा जास्त चटका देत असेल तर ती गादी बसवू नका. उकळत्या पाण्यात बुडवायचा थर्मामीटर घरात असेल तर वर दुमडलेली चादर टाकून तापमान बघा. माझी ४२ अंशांवर थांबली.

सीट बाहेर काढणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, दहाच्या पान्याने निघते. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल शिवलेलं असेल, जसं महागड्या डबल-केबिन पिकअपमध्ये असतं, तर इथेच थांबा. त्या सीटच्या कुशीत स्फोटक असतं आणि कव्हरची ती शिवण एअरबॅग फुटून बाहेर यावी म्हणून मुद्दाम तशी घातलेली असते. ते काम कंपनीच्या वर्कशॉपला द्या. आमच्या पिकअपमध्ये असलं काही नाही.

सीट पूर्ण पुढे सरकवा, मागचे दोन बोल्ट काढा. मग पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन. गोटी पाना आणि लांब दांडा लागतो. वर्षानुवर्षं चिखल-पाणी पिऊन बोल्ट जाम झालेले असतात. जोर लावण्याआधी गंज सुटायचा स्प्रे मारून अर्धा तास चहा घ्या. सीट उचलण्याआधी खाली हात घालून बघा. बेल्टच्या कडीला किंवा शेजारच्या सीटच्या गादीखाली बेल्टच्या घंटीसाठी कनेक्टर असू शकतो. तो आधी सोडवा. सोडवलेला असताना चावी फिरवू नका, नाहीतर डॅशबोर्डवर लाल दिवा लागून बसतो.

शेजारच्या सीटच्या फोममध्ये वजन ओळखणारी पातळ चटई दिसली तर हीटर तिच्यावर थेट ठेवू नका. जागा नसेल तर त्या सीटला फक्त पाठीची गादी घाला. कंबर तापली की निम्मं काम होतंच.

कव्हर

सगळ्यात नाजूक भाग हाच, आणि तो मी सीटवाल्या चाचांकडून करून घेतला. शेजारी उभं राहून बघितलं, म्हणून लिहू शकतो.

सीट गच्चीवर उन्हात ठेवा. थंडीत रेक्झिन पत्र्यासारखं कडक होतं, ओढलं तर शिवणीत फाटतं. मी सकाळी आठला घाई करत होतो तेव्हा चाचा म्हणाले, ‘धूप लगने दो भैया, अपने आप मान जाएगी.’ बारा वाजता तीच सीट हातात लोण्यासारखी वागली.

कव्हराची कड खालून फ्रेमला प्लास्टिकच्या आकड्यासारख्या पट्टीने अडकवलेली असते. ती दाबून खाली ओढली की सुटते. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. कोणती पट्टी कुठे होती, हे दोन तासांनी हमखास आठवत नाही. पाठीचं कव्हर खालून चेनने किंवा तशाच पट्टीने बंद असतं. डोक्याची उशी आधी काढून घ्या. बाजूचं प्लास्टिक आणि पाठ झुकवायचा दांडा काढताना स्क्रू वाटीत ठेवा, कप्प्यांत नको. गाडीच्या कप्प्यात पडलेला स्क्रू परत सापडल्याचं मला आठवत नाही.

कव्हर थोडं वर सरकलं की आतल्या खाचा दिसतात. सीटवर ज्या शिवणी आत ओढलेल्या दिसतात, तिथे कव्हर फोममधल्या तारेला रिंगांनी बांधलेलं असतं. या रिंगा कटरने कापायच्या. नव्या रिंगा आणि त्यांची खास पक्कड चाचांकडे होती. घरी करणार असाल तर रिंगा आणि पक्कड आधी आणून ठेवा. काही जण त्याऐवजी केबल टाय लावतात. चालतं, पण त्याचं डोकं वर आलं तर बसताना टोचतं. सगळं कव्हर काढायची गरज नाही. पुढून किंवा मागून सुटलेल्या भागातून गादी आत सरकवता येते. जितकं कमी उघडाल, तितकं परत बसवणं सोपं.

गादी नीट बसवणं

फोम हाताने झाडा. चाचांनी आमच्या सीटमधून दोन टाचण्या, एक मंडपाची सुतळी आणि गजकचा कागद काढला. टाचणी गादीखाली राहिली असती तर एखाद्या रात्री एलिमेंटमध्ये शिरली असती.

गादी कव्हराखाली आणि फोमवर, बसणाऱ्याच्या मांड्या आणि कुल्ले टेकतात तिथे बसते. सीटच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत नेऊ नका. तिथे चढता-उतरताना गादी मुडपते. पाठीची गादी खाली, कंबरेच्या उंचीला. खांद्यांपर्यंत नेण्याचा मोह होतो, पण थंडीत अंगात जाड जाकीट असतंच. ऊब हवी असते ती जाकीट संपतं तिथे.

आता मोठी अडचण. शिवणीची खाच गादीच्या मधोमध येते. चांगल्या किटमध्ये मध्ये न तापणारी मोकळी पट्टी असते. ती खाचेवर येईल अशी गादी ठेवा आणि रिंग त्या मोकळ्या पट्टीतून न्या. तापणाऱ्या भागातून रिंग आरपार गेली तर आज चालेल आणि दोन महिन्यांनी चालणार नाही. मोकळी पट्टी नसेल तर गादी खाचेच्या एकाच बाजूला बसेल एवढी लहान घ्या.

खालचा दुतर्फी चिकट कागद काढून गादी चिकटवा आणि मधून बाहेर, पोळी लाटताना जसा हात जातो तसा, दाबत जा. एकही सुरकुती नको. जिथे गादी दुमडते तिथे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात, उष्णता निघून जात नाही आणि तिथेच डाग पडतो. स्प्रे गोंद वापरलात तर फक्त कडांना, आणि वाळेपर्यंत गादी चालू करू नका. तापमानाची वायर आणि मुख्य वायर दोन्ही मागे, पाठ आणि बैठक यांच्या फटीतून खाली काढा. त्या फटीत पाठ झुकवायची लोखंडी पट्टी हलते. वायर तिच्यापासून दूर, केबल टायने बांधा.

मग कव्हर उलट्या क्रमाने परत. सगळं ताणून बसल्यावर, सीट गाडीत टाकण्याआधी, मल्टिमीटरने रोध पुन्हा मोजा. आकडा तोच यायला हवा. बदलला असेल तर रिंग कुठेतरी शिरली आहे, आणि ते कळायची हीच वेळ आहे.

वायरिंग

मुख्य वायर सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून घ्या. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज डॅशबोर्डजवळ लावला तर इंजिनच्या बाजूची सगळी वायर उघडी राहते, आणि ती पत्र्याला घासली तर थेट बॅटरीतून आग. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात आधीच एखादं रबरी बूच असतं, क्लच किंवा वायरिंगच्या जाळीसाठी. त्यात चीर देऊन वायर आत घ्या. नवं भोक पाडलंत तर नवं बूच घाला. कच्च्या पत्र्याच्या धारेवरून वायर कधी जाऊ देऊ नका. इंजिनच्या बाजूला वायर नालीदार गार्ड पाइपमध्ये आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासून हातभर दूर.

रिलेवर चार आकडे असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर. ८७ वरून पुढे दोन सीटना, प्रत्येकी साडेसातच्या फ्यूजमधून. ८५ ला बॉडी अर्थ. ८६ ला चावीवर येणारी वायर, म्हणजे चावी फिरवल्यावरच जिच्यात १२ व्होल्ट येतात ती. ही फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा तुकडा) लावून घ्या. मूळ वायर सोलून किंवा कापून घेऊ नका. आमची गाडी ग्वाल्हेरच्या मेळ्यातून नवी घेतलेली होती. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची निम्मी सूट जाहीर होते त्या वर्षी पुष्कळ जण गाडी घ्यायला जानेवारीपर्यंत थांबतात, आम्हीही थांबलो होतो. म्हणजे गाडी वॉरंटीत होती, आणि कापलेल्या मूळ वायरीवर वॉरंटीवाले पहिलं बोट ठेवतात. फ्यूज टॅप ओढून काढला की गाडी होती तशी.

८६ चुकून कायम चालू असलेल्या फ्यूजवर घेतलात तर चावी काढल्यावरही सीट तापत राहील आणि सकाळी बॅटरी मेलेली असेल. जोडण्याआधी मल्टिमीटरने चावी बंद-चालू करून बघा.

अर्थ जमिनीच्या पत्र्यावर घट्ट बोल्टला. रंग कानसने खरवडून चकचकीत धातू काढा, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) कसा, वर थोडं ग्रीस. सीटच्या फ्रेमलाच अर्थ देणारे कारागीर आहेत. सीट रुळांवर सरकते आणि रुळांत ग्रीस असतं. तो अर्थ कधी लागतो, कधी नाही.

सांधे पिळून टेप लावू नका. थिंबल पक्कडीने दाबा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि काळ्या टेपचा गोंद वितळून वायरवरून ओघळतो. हिवाळ्यात बसवलेलं काम उन्हाळ्यातही टिकायला हवं.

सीटखालची वायर थोडी सैल सोडा. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, पाठ पूर्ण झुकवून बघा. वायर ताणू नये आणि रुळात अडकू नये. स्विचसाठी डॅशबोर्डवर भोक पाडण्याआधी मागे काय आहे ते चाचपा. माझा स्विच मी गिअरच्या बाजूच्या रिकाम्या झाकणावर लावला, कारण झाकण दोनशे रुपयांत बदलता येतं, डॅशबोर्ड नाही. हातमोजे घालून दाबता येईल अशाच जागी लावा.

चालू करून बघणं

बॅटरी जोडण्याआधी सीट बोल्ट करा आणि चारही बोल्ट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने कसा. तो पाना नसेल तर ओळखीच्या गॅरेजातून अर्ध्या तासासाठी आणा. अपघातात सीटचा बोल्ट ढिला असेल तर बेल्टही वाचवू शकत नाही.

मग बॅटरी जोडा, इंजिन चालू करा, दोन्ही सीट ‘हाय’वर. वीस मिनिटं गाडीतच बसा. जळका वास येत नाही ना, फ्यूज आणि रिले हाताला कोमटाहून जास्त गरम नाहीत ना, थर्मोस्टॅट कधीतरी तोडतो ना, ते बघा. हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीवर मल्टिमीटर धरा. इंजिन आयडलला असताना साडेतेराच्या आसपास व्होल्ट टिकले तर अल्टरनेटर झेपवतोय. १३ च्या खाली सरकत गेले तर जुन्या गाडीत दोन्ही सीट एकदम ‘हाय’वर लावू नका.

काही बिघाड परत परत दिसतात. एकच गादी तापत नसेल तर आधी तिचं कनेक्टर काढून घालून बघा, बहुतेकदा तेच नीट बसलेलं नसतं. कुणी बसल्यावरच फ्यूज उडत असेल तर एलिमेंट फ्रेमला किंवा रिंगेला टेकतंय, कव्हर उघडावंच लागेल. दोन्ही सीट मंद तापत असतील तर अर्थ तपासा.

विम्याचंही बघा. गाडीबरोबर न आलेलं विजेचं सामान विम्यात आयएमटी २४ (इंडियन मोटर टॅरिफ) च्या जोडणीखाली नोंदवता येतं. नूतनीकरणाच्या वेळी ते लिहून द्या आणि त्याचा जादा प्रीमियम भरा. पुढे वाद कमी होतो.

बसताना

सुरुवातीला दोन-तीन मिनिटं ‘हाय’, मग ‘लो’. रात्रभर ‘हाय’वर बसू नका, झोपू तर अजिबात नका. १९४७ च्या प्रयोगांत असं दिसलं की ४४ अंशांवरची वस्तू सहा तास सलग कातडीला टेकली तरी भाजतं. चटका जाणवत नाही आणि खूण नंतर उठते. आमच्या दादांना मधुमेह आहे आणि पायाची संवेदना कमी झाली आहे. त्यांच्यासाठी मी त्या सीटचा स्विच फक्त ‘लो’ला ठेवला आहे आणि लांबच्या प्रवासात स्वतःच बंद करतो. ते ‘अरे, लागतच नाही काही’ म्हणतात. तसं म्हणतात म्हणूनच.

चालू सीटवर घोंगडी, पोती किंवा सामान ठेवू नका. उष्णता कोंडली की थर्मोस्टॅटच्या जागेवर थंड आणि पोत्याखाली गरम, असं होतं. सीटवर गुडघा टेकून मागे वाकण्याची सवय सोडा. एवढ्या छोट्या जागेवर सगळं वजन आलं की एलिमेंट तुटतं. आमच्या पोरांना हे पटवायला किटपेक्षा जास्त वेळ लागला.

होळी झाली की मी दोन्ही सीटचे साडेसातचे फ्यूज काढून समोरच्या खणात एका डबीत ठेवतो, आणि डबीवर चिठ्ठी लावतो: तुळशीच्या लग्नानंतर.